जैतूनबीची ओंजळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी आजीला विचारलं तर ती म्हणायची, "माझ्या पणजीच्या लग्नात ती बाई जेवून गेली होती," आणि त्या पणजीला कुणी विचारलं असतं तर तिनंही आपल्या पणजीचंच नाव सांगितलं असतं. तर तेव्हा आमच्या वावळदऱ्यात जैतूनबी नावाची एक बाई राहत होती. गाव तेव्हा कागदाचं होतं. शेतकऱ्यांची घरं तीसेक आणि कागद्यांची बारा. शेतकरी गहू पिकवायचे, कागदी कागद बनवायचे, आणि वरच्या डोंगरातून येणारा झरा दोघांना पाणी द्यायचा. जैतूनबी कागद्यांची लेक होती, आणि कागद्यांचीच सून होती.

कागद व्हायचा वावळाच्या सालीचा. डोंगरभर वावळ होते, म्हणून तर गावाचं नाव वावळदरा. कागदी झाडाची साल सोलून आणायचे, चुन्याच्या पाण्यात बुचकळायचे आणि ढेंकीखाली घालायचे. ढेंकी म्हणजे पायानं दाबून चालवायचं भलंमोठं लाकडी मुसळ. तीन दिवस ढेंकी चालायची आणि तिची धबधब खालच्या गावापर्यंत ऐकू जायची. सालीचा लगदा झाला की तो हौदाच्या पाण्यात कालवायचा, बारीक जाळीवर पातळसा उचलायचा, की झाला एक ताव. मग तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. असं म्हणतात, त्या कागदावर बोरू असा पळायचा की लिहिणाऱ्याला कुठं थांबावं ते कळत नसे.

हा कागद गडावर जायचा. गडाचं आणि गावाचं ठरलेलं होतं. दर वर्षी अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला शंभर दस्ते कागद गडाच्या दप्तरात पोचवायचा. एका दस्त्यात ताव चोवीस. त्याबदल्यात डोंगर आणि झरा गावाचा. कागद चुकला तर डोंगर आणि झरा दुसऱ्या गावाला.

आता साल म्हणजे झाडाचं कातडंच. बोटभर काढली तर झाड सोसतं, पण शंभर दस्त्यांना बोटभर कशी पुरणार? चहूबाजूंनी सोललेला वावळ त्या वर्षी पालवी काढतो आणि पुढच्या वर्षी वाळून उभा राहतो. कागदी माणसं वाईट नव्हती. डोंगर मोठा आणि माणसं थोडी, त्यामुळे डोंगर संपेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चांगलं चाललेलं असलं की माणसाला असं होतंच, तुमचं-माझंही होतं.

जवळचे वावळ संपले तसे कागदी लांब जाऊ लागले. जैतूनबीचा नवरा याकूब पार पल्याडच्या कड्यावर गेला, तिथं एका वावळावर चढला आणि सालीसकट खाली आला. त्याला झोळीत घालून घरी आणलं तेव्हा तो गेलेला होता. लोकांना वाटलं, आता ही बाई झाडांना शिव्याशाप देणार. पण ती म्हणाली, "ते आपल्या जागी उभं होतं. सोलायला आपण गेलो." मग तिनं कागदाचं काम स्वतःच्या हातात घेतलं, आणि बारा घरांत तिच्याइतका सारखा ताव कुणाचा उचलला जात नसे.

काही वर्षांनी डोंगरावर उरली फक्त राई. राई म्हणजे झऱ्याच्या डोक्यावरचे अकरा जुने वावळ. त्यांच्यामध्ये वावळाई देवीचा शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड, आहे. शेतकरी तिथं नारळ फोडायचे, कागदी गुरुवारी दिवा लावायचे, आणि तिथलं पानही कुणी तोडत नसे. इकडे झरा बारीक होत चालला होता. पूर्वी हंडा लावला की भरला. आता एक हंडा भरेपर्यंत दोन बायकांचं सासरचं सगळं गाऱ्हाणं सांगून व्हायचं आणि तरी हंडा अर्धाच असायचा.

त्या वर्षी पौषात कागद्यांचा चौधरी बुढनभाई यानं सगळ्यांना बोलावलं. हा जैतूनबीचा थोरला भाऊ. तो म्हणाला, "साल उरली ती राईतच. यंदा राई सोलावी लागेल."

राई गेली की झरा जाईल हे पोरासोरांनाही कळत होतं. राई ठेवली तर कागद नाही, आणि कागद नाही तर झरा दुसऱ्याचा. दोन्हीकडून पाणीच जात होतं. बुढनभाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चौधरी झालेल्या माणसाला रडत बसता येत नाही.

जैतूनबी म्हणाली, "भाईजान, मला थोडे दिवस द्या. मी दुसऱ्या कशाचा तरी कागद करून बघते."

"दुसऱ्या कशाचा गं?"

"गव्हाच्या काडाचा."

बारा घरं हसली. गव्हाचं काड म्हणजे मळणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्या. कडबा गुरं आवडीनं खातात, काडाला तोंड लावून सोडून देतात. थोडं छपरावर घालायचं, बाकीचं होळीत जाळायचं. ज्याला काडीची किंमत नाही त्याचा कागद करणार ही बाई. एक म्हातारा म्हणाला, "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो हाच." पण बुढनभाई हसला नाही. तो म्हणाला, "रामनवमीपर्यंत. तोवर तुझा ताव उचलला गेला नाही, तर मी कोयता घेऊन राईत जाणार."

जैतूनबीनं घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या घराचं छप्पर उतरवलं. नवं काड शेतातून यायला अवकाश होता, म्हणून छपराचंच काड तिनं चुन्याच्या पाण्यात बुचकळलं आणि सालीसारखं तीन दिवस ढेंकीखाली घातलं. आई तसं करायची, आजी तसं करायची, म्हणून तिनंही तसंच केलं. काडाचं झालं पिठलं. जाळी पाण्यातून वर काढली की ताव मधोमध फाटायचा आणि घळकन हौदात पडायचा. तिला वाटलं, कुटणं कमी पडलं. म्हणून दुसऱ्या वेळी तिनं पाच दिवस कुटलं. तेव्हा तर जाळीवर काही राहिलंच नाही. कागद्यांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण इतकं कुटायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती.

तिनं उरलेली काडं रागारागानं जुन्या चुन्याच्या खड्ड्यात फेकून दिली आणि तीन आठवडे तिकडे पाहिलं नाही. माघाच्या थंडीत ती उघड्या घरात गोधडी घेऊन निजायची. असं म्हणतात, त्या दिवसांत दव पडायचं ते तिचं घर सोडून पडायचं. खरंखोटं वावळाई जाणे. पण गावातल्या बायका आळीपाळीनं तिला निखाऱ्यांची शेगडी नेऊन द्यायच्या एवढं मात्र खरं, कारण आमच्या घरातूनही जायची.

माघ संपता संपता भिंतीला पांढरी द्यावी म्हणून ती चुना काढायला त्या खड्ड्याकडे गेली. हाताला काहीतरी मऊ लागलं. तिनं वर काढून पाहिलं तर तिचीच फेकलेली काडं होती. ढेंकी लागली नव्हती, पाय लागला नव्हता. नुसत्या चुन्यात पडून पडून त्यांचा कडकपणा गेला होता आणि आतले धागे शेवयांसारखे सुटे झाले होते. तिनं एक धागा ओढून पाहिला. तो तुटला नाही. जैतूनबी तिथंच खड्ड्याच्या काठावर बसली आणि बराच वेळ एकटीच हसत राहिली. मग म्हणाली, "साल मारून ऐकते. काडाला समजवावं लागतं." ही म्हण आमच्या गावात अजून चालते. सून नवी असली की सासूला हटकून ऐकवतात.

पण धागे होते ओंजळभर आणि कागद पाहिजे होता शंभर दस्ते. छप्पर तर संपलं होतं. तेवढ्यात गव्हाची मळणी आली, खळ्याखळ्यावर काडाचे ढीग लागले, आणि होळीही तोंडावर आली. वावळदऱ्याची होळी म्हणजे पंचक्रोशीत नाव. दर घरानं काड घालायचं आणि होळीची आग गडावरून दिसली पाहिजे. जैतूनबी सरळ भागाईकडे गेली. भागाई म्हणजे आमच्याच घराण्यातली बाई, शेतकऱ्यांच्या घरांत जिचा शब्द मोडत नसे अशी.

"भागाई, यंदा होळीला कुणी काड देऊ नका. मला द्या."

"अगं बये, आन् होळीत काय घालायचं, आमची लुगडी?"

जैतूनबीनं पदराच्या गाठीतून ते मऊ धागे काढले आणि तिच्या हातावर ठेवले. भागाईनं ते ओढून पाहिले, वास घेतला, पुन्हा ओढले.

"बी, आन् कागद न्हाई झाला तर?"

"तर राई जाईल. आणि लोक म्हणतील, जैतूननं होळीपण घालवली आणि राईपण."

"आन् मला काय म्हणतील?"

"तुला म्हणतील, हिनंच पहिली पेंढी दिली."

भागाईनं धागे परत जैतूनबीच्या हातावर ठेवले. मग खळ्याकडे हात करून म्हणाली, "उचल मग. मी बाकीच्यांस्नी सांगते."

सांगणं सोपं नव्हतं. होळी लहान केली तर गावावर अरिष्ट येईल, असं जाणते लोक म्हणाले. भागाई दर घरी गेली आणि एकच बोलली, "होळी आगीची असती, ढिगाची न्हाई. पाच पेंढ्या पुऱ्या. झऱ्याला पाणी असंल तर पुढल्या होळ्या व्हतील." त्या वर्षी वावळदऱ्याची होळी पाच पेंढ्यांची झाली. पेटली आणि नैवेद्य दाखवेपर्यंत विझलीही. बाकी सगळ्या खळ्यांवरचं काड बायकांनी डोक्यावरून जैतूनबीच्या अंगणात आणून टाकलं. असं म्हणतात, तो ढीग इतका उंच झाला की त्याच्या सावलीत बारा घरांना दुपार कळेना.

मग तिनं ते काड चुन्याच्या पाण्यात मुरायला ठेवलं. एकवीस दिवस ती रोज बांबूनं ते हलवायची आणि काडाशी बोलायची. पोरं विचारायची, काड उत्तर देतं का. ती म्हणायची, "देतं, पण घाई करणाऱ्याला नाही." आणि खरंच घाई करणाऱ्याला ते ऐकू आलं नाही. रामनवमीच्या आदल्या दिवशी गडाचा स्वार येऊन बजावून गेला की अखितीला कागद दारात पाहिजे. बुढनभाईचा धीर सुटला. तावाचा पत्ता नव्हता आणि दिवस मोजकेच उरले होते. रामनवमीला सकाळीच तो दोन माणसं आणि कोयता घेऊन राईकडे निघाला.

त्याच सकाळी जैतूनबीनं लगदा धुतला, थोडासाच कुटला, पाण्यात कालवला आणि बिस्मिल्ला म्हणून जाळी उचलली. ताव फाटला नाही. ती जाळी हातात धरून नुसती पाहत उभी होती, तेवढ्यात भागाई धावत आली.

"बी, तुझा भाऊ कोयता घेऊन राईत गेला."

जैतूनबीनं ओली जाळी तशीच डोक्यावर घेतली, लगद्याची टोपली कमरेवर घेतली आणि चढू लागली. असं म्हणतात, तो चढ ती दूध उतू जायला लागतं तेवढ्या वेळात चढली, आणि सूर्य तिच्याबरोबर पावलापावलानं वर येत राहिला, त्यामुळे ती राईत पोचेपर्यंत डोक्यावरचा ताव खडखडीत वाळला. ती पोचली तेव्हा बुढनभाईनं सगळ्यांत जुन्या वावळाला कोयता लावला होता. दोन हात साल उतरवून झाली होती आणि आतलं पांढरं लाकूड ओलं होऊन चमकत होतं.

तिनं जाळीवरून ताव सोडवला आणि भावापुढे धरला. "भाईजान, हा फाडून दाखवा."

बुढनभाईनं ताव ओढला. फाटला नाही. असं म्हणतात, मग दोन माणसांनी दोन टोकं धरून ओढलं तरी फाटला नाही. मला विचाराल तर थोडा फाटला असेल, कागदच तो. पण कसा फाटतो त्यावरून कागद पक्का की कच्चा ते कागद्याला कळतं. बुढनभाईनं कोयता खाली ठेवला आणि तो त्या सोललेल्या झाडाजवळ मटकन बसला.

"मी घाई केली गं जैतून. आता ह्याचं काय?"

"ह्याला आधी झाकू."

तिनं टोपलीतला लगदा ओंजळीनं काढला आणि झाडाच्या जखमेवर लिंपला, आपण फुटलेल्या गुडघ्यावर हळद लिंपतो तसा. एकेक ओंजळ करत तिनं ती दोन हात जागा सगळी झाकली, मग आपली ओढणी फाडून वर गुंडाळली आणि गाठ मारली. गाठ मारताना मात्र तिला रडू आलं. ती म्हणाली, "माझा एक माणूस ह्या कामापायी गेला. हे तरी जाऊ नये." बुढनभाई तिच्या शेजारी बसून गाठीवर हात ठेवून राहिला. भावाबहिणीत त्या दिवसानंतर मोठं-लहान असं काही उरलं नाही.

त्यानंतर बारा घरांनी जैतूनबीचं ऐकलं. ढेंकी कमी चालली आणि जाळ्या जास्त चालल्या. गावातल्या सगळ्या पांढऱ्या भिंती तावांनी भरल्या. असं म्हणतात, वाळत घातलेल्या तावांना पिकाचा असा वास यायचा की चिमण्या थव्यानं यायच्या, भिंतीवर टोचून पाहायच्या आणि दाणा न लागल्यामुळे रागावून जायच्या. त्या वर्षीच्या कित्येक तावांवर चोचीचे ठिपके होते.

अखितीला शंभर दस्ते गडावर पोचले. जैतूनबी भावाबरोबर गेली. दप्तरदार पंतांनी वरचा ताव उचलला आणि कपाळाला आठी घातली. कागद पिवळसर होता.

"हा कसला कागद?"

जैतूनबी म्हणाली, "गव्हाच्या काडाचा, पंत. सालीचा डोंगर आम्ही संपवला. काड दर वर्षी उगवतं."

पंतांनी तावाची घडी घातली, मग घडीवर घडी, अशा सात घड्या घातल्या आणि नखानं दाबल्या. कच्चा कागद घडीवर मोडतो, हे दप्तरातल्या माणसाला माहीत असतं. मग त्यांनी ताव उलगडला आणि उजेडात धरला. एकही घडी मोडली नव्हती. बोरू शाईत बुडवून त्यांनी एक ओळ लिहिली, तर शाईही फुटली नाही. पंतांनी कागद नाकाजवळ नेला आणि पहिल्यांदा हसले. "लहानपणी खळ्यावर निजायचो, तसा वास आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही हाच आणा." अशा रीतीनं झरा गावाचा राहिला.

आणि तो वावळ? पावसाळा आला, ओढणी कुजून गेली, लगदा मात्र झाडाला धरून राहिला. श्रावणात बायका पाहायला गेल्या तर लगद्याच्या कडेकडेनं नवी साल आत सरकत होती. असं म्हणतात, तीन वर्षांत ती जखम बुजली, आणि नव्या सालीत काडाचे सोनेरी कण दिसायचे. झऱ्याला मात्र वेळ लागला. उघडा डोंगर काही एका पावसात झाकत नाही. पण वावळाचं बी वाऱ्यावर उडतं, आणि आता रोपं सोलायला कुणी जात नव्हतं. माझ्या आजीच्या आजीच्या वेळेला हंडा लावला की पुन्हा भरत होता, आणि बायकांना गाऱ्हाणी सांगायला दुसरी जागा शोधावी लागली.

जैतूनबी म्हातारी होऊन, सगळ्यांना शिकवून, समाधानानं गेली. तिची कबर राईच्या खाली ओढ्याकाठी आहे. तिच्या उरुसाला कागदी आणि शेतकरी मिळून चादर चढवतात, आणि ती चादर कापडाची नसते. काडाच्या कागदाचे ताव एकमेकांना जोडून केलेली असते. चिमण्या येऊन ती टोचतात. त्यांना कुणी हाकलत नाही.

आता कागद करणारं घर एकच उरलं आहे. तरी वावळदऱ्याची होळी आजही पाच पेंढ्यांची असते. बाहेरगावचे लोक आम्हाला चिक्कू म्हणतात, म्हणू द्या. बाकीचं काड त्या घरी जातं, चुन्यात मुरतं, आणि रामनवमीच्या सकाळी लगदा निघाला की पहिल्या ओंजळीचा कागद करत नाहीत. कागद्यांची एक म्हातारी आणि आमच्या घरातली एक बाई, अशा दोघी ती ओंजळ घेऊन डोंगरावर जातात. कुणाची कुऱ्हाड लागलेली असेल, फांदी मोडली असेल, गुरानं शिंगानं साल काढली असेल, असं झाड शोधतात आणि त्याला लगदा लिंपतात. एखाद्या वर्षी पाच झाडं निघतात, एखाद्या वर्षी दोन. इतकी माणसं, इतकी गुरं, काही ना काही लागतंच.

यंदा मी गेले होते. मी आणि कागद्यांच्या घरची मुमताजचाची, दोघी सकाळपासून फिरलो. राई पाहिली, पल्याडचा कडा पाहिला, नवी झाडं एकेक करून पाहिली. कुठं काही नव्हतं. दुपारी ओंजळ तशीच भरलेली घेऊन खाली आलो आणि काय करावं ते कळेना, कारण आमच्या दोघींच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. शेवटी चाची कबरीजवळ बसली. तिनं लगदा हळूच मातीवर ठेवला, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "बी, यंदा कुणाला लागलेलं नाही."